खोडलेले दोन शब्द

आपल्या वाक्याचा जगात कुणालाही दुसरा अर्थ काढता येणार नाही, असं वेलांटीकाका छातीठोकपणे सांगत. ते अगदीच उगाच नव्हतं. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. लोकांच्या लिखाणातले फालतू शब्द खोडायचे आणि ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ करायचं, यावर त्यांचं घर चाललं. निवृत्त झाल्यावर ते किराणा दुकानावरची पाटी, दवाखान्यातली सूचना, भिंतीवरच्या जाहिराती, जे समोर येईल ते तपासू लागले, म्हणून त्यांना हे नाव पडलं. गाव शहराला चिकटलेलं होतं, धड गाव नाही आणि धड शहर नाही असं. तिथे लोकांना नावं ठेवायला वेळ भरपूर असे.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या फाटकापाशी गावसमितीची पाण्याची पाइपलाइन फुटली. फुटली म्हणजे फवारा वगैरे उडाला नाही, नुसतं पाणी झिरपत राहिलं आणि बघता बघता डबकं झालं. काकू पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. गिऱ्हाईक फाटकापर्यंत यायचं, डबक्याकडे पाहायचं, चपला हातात घ्याव्यात की परत जावं याचा विचार करायचं आणि बहुतेक वेळा परत जायचं. काकूंनी चिखलात विटा टाकून पाहिल्या. त्या विटांवरून डॉक्टरीणबाई घसरल्या आणि त्यांच्या नव्याकोऱ्या कापडाचा गठ्ठा डबक्यात गेला. काकूंनी कापड भरून दिलं, तरी डॉक्टरीणबाई बसथांब्याजवळच्या शिंप्याकडे गेल्या त्या गेल्याच, वर चार जणींना घेऊन गेल्या.

काका समितीच्या कार्यालयात खेटे घालून दमले. तिथला कारकून दर वेळी म्हणायचा की हा विषय गावसभेत काढा. शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. या महिन्यात ते डबकं गेलं नाही, तर शिवणाचं मशीन उचलून त्या हमरस्त्यावर भाड्याची खोली घेणार होत्या. भाडं काकांच्या पेन्शनीतून जाणार होतं, आणि काकू दिवसभर तिकडे म्हटल्यावर दुपारचं जेवण काकांनाच रांधायचं होतं. काकांना चहा सोडून काही येत नव्हतं, आणि चहाबद्दलही दुमत होतं.

"मी सभेत बोलतो," काका म्हणाले. "दोन वाक्यांत काम होईल."

"दोनच बोला," काकू म्हणाल्या. "तुमचं लांबण लागलं की लोक घरी जातात."

हे काकांनी मनाला लावून घेतलं. कागदावर त्यांनी लिहिलं, 'माझ्या फाटकापाशी गेल्या हिवाळ्यापासून पाणी मुरतंय. समितीने स्वतः येऊन पाहावं आणि हे थांबवावं.' मग सवयीने पेन हातात घेऊन ते तपासायला बसले. 'माझ्या फाटकापाशी' हे दोन शब्द त्यांना खटकले. कार्यालयात खेटे घालणारा माणूस कोण आणि त्याचं फाटक कुठलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते पुन्हा सांगणं म्हणजे पाल्हाळ. त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि वाक्य पुन्हा वाचलं. ते कसं सुटसुटीत झालं होतं.

गावसभा शाळेच्या सभागृहात भरली. त्या दिवशीचा मोठा विषय होता चौकातलं कारंजं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात कारंजं कशाला, असं घरोघरी बोललं जायचं, सभेत मात्र कुणी तोंड उघडत नव्हतं. अध्यक्षांनी खर्च वाचून दाखवला. कारंज्यासाठी ट्रकभर सिमेंट येऊन पडलं होतं, चौकात मात्र अजून साधा खड्डाही नव्हता. याच काळात चढावरच्या अध्यक्षांच्या घराला ऐसपैस नवा पोर्च झाला होता. त्यावर बोलण्याची पद्धत नव्हती.

काकांचा एव्हाना डोळा लागला होता. जाग आली तेव्हा अध्यक्ष विचारत होते की यावर कुणाला काही बोलायचं आहे का. कारंजं म्हणजे पाण्याचाच विषय, असा हिशेब करून काका उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गेल्या हिवाळ्यापासून पाणी मुरतंय. समितीने स्वतः येऊन पाहावं आणि हे थांबवावं."

पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग मागच्या रांगेतून एक टाळी आली, पाठोपाठ दुसरी, आणि शेवटी सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. आपल्या डबक्याबद्दल गावाला इतका जिव्हाळा आहे हे काकांना माहीतच नव्हतं. त्यांना भरून आलं. अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली आणि सभा तहकूब केली.

दुसऱ्या दिवशी किराणावाल्याने काकांना बसायला खुर्ची दिली. एरवी तो उधारीचं गिऱ्हाईक उभंच ठेवायचा. गावात एक तरी मर्द निघाला, असं तो चार लोकांदेखत म्हणाला. पुरावा नीट सांभाळा, असंही त्याने हळूच सुचवलं. त्यात सांभाळायचं काय, तो जातोय कुठे, असं काका म्हणाले. हे उत्तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि अध्यक्षांच्या कानावर गेलं.

चोराच्या मनात चांदणं असतं. अध्यक्ष त्याच रात्री काकांकडे आले, आणि कुणी पाहू नये म्हणून मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या दाराने आले. पुढच्या फाटकाने आले असते तर पाय डबक्यात पडला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

"काका," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला नेमकं किती माहीत आहे?"

"किती म्हणजे? सगळं. रोज सकाळी दार उघडलं की पहिलं तेच दिसतं."

काकांच्या दारातून अध्यक्षांचा पोर्च स्वच्छ दिसायचा. अध्यक्षांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"काकूंनाही ठाऊक आहे?"

"तिच्या तर पोटावर पाय आलाय. अहो, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुमच्यासमोर कुणी बोलत नाही एवढंच."

अध्यक्ष पुढे सरकून म्हणाले, "तोंड बंद करायचं तर काय लागेल?"

काकांना हायसं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मुद्द्याचं विचारलं होतं. फुटक्या पाइपाचं तोंड बंद करायला असं लागतं तरी काय?

"फार काही नाही हो. थोडं सिमेंट."

"सिमेंट," अध्यक्ष म्हणाले.

"कारंज्याचं आलंय ना तुमच्याकडे? त्यातलंच द्या. अर्धं पुरे."

काकांना अर्धं पोतं म्हणायचं होतं. पण सिमेंट पोत्यातच येतं, तर पोतं हा शब्द आणखी कशाला, या विचाराने त्यांनी तो गिळला. "उरलेलं तुमचं तुम्ही ठेवा," ते मोठ्या मनाने म्हणाले. "मला काय करायचंय."

अध्यक्ष उठले. काकांसारखा साधा दिसणारा माणूस भावाला इतका पक्का असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अर्धं सिमेंट पोर्चमध्ये जिरलं होतं. नेमकं अर्धंच गोदामात उरलं होतं, आणि या माणसाला तेही ठाऊक होतं.

सकाळी काका फिरायला गेले होते आणि काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा फाटकाशी टेंपो आला. हमालांनी दोन-तीन हाका मारल्या, कुणी ओ देईना म्हणून डबक्यातच पोती रचायला सुरुवात केली. काका परतले तेव्हा फाटकापाशी पोत्यांची भिंत उभी होती आणि प्रत्येक पोत्यावर समितीचा शिक्का होता. समोर किराणावाला दुकान सोडून रस्त्यावर आला होता, आणि तो एकटा नव्हता.

"काका, हे काय?" त्याने विचारलं.

काका गोंधळले, पण खरं सांगण्याची सवय जुनी. "अध्यक्षांनी पाठवलंय," ते म्हणाले. "तोंड बंद करायला."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पांगले. पाइपाचं, असं काका मागून ओरडले, तोवर ऐकायला फक्त टेंपोवाला उरला होता. त्या दिवशी किराणावाल्याच्या दुकानातली खुर्ची आत गेली.

काका घाबरेघुबरे होऊन कार्यालयात गेले आणि पोती परत न्या म्हणाले. कारकुनाने सांगितलं की जी वस्तू कार्यालयातून बाहेर गेल्याची नोंद नाही ती परत घेता येत नाही. अध्यक्षांना फोन लावला, तर त्यांनी हे विषय फोनवर नकोत म्हणून फोन ठेवला. काकूंनी तोंडाचा पट्टा सोडला तो रात्री झोप लागेपर्यंत थांबला नाही. काकांना डबक्याचं काही वाटेनासं झालं होतं. सगळा जन्म त्यांनी कुणाच्या खिळ्यालाही हात लावला नव्हता, आणि आता पोरंसोरं त्यांच्या फाटकाकडे बोट दाखवून हसत होती. त्यांना मनापासून रडू येत होतं.

इकडे सिमेंट आपलं काम करत होतं. खालच्या पोत्यांनी डबकं पिऊन टाकलं, वरच्यांनी ओल धरली, आणि दोन-चार दिवसांत सगळी रास दगडासारखी घट्ट झाली. पाइपाचं तोंड तिच्याखाली कायमचं बंद झालं. काकूंनी गवंडी बोलावून उरलेली रास तासून घेतली, तर चक्क तीन पायऱ्या निघाल्या. त्यांवरून पहिल्या डॉक्टरीणबाईच चढून आल्या, चपला न काढता. काकूंनी हमरस्त्यावरच्या खोलीला नकार कळवला. मशीन जागेवर राहिलं, दुपारचं जेवणही काकूंच्याच हातचं राहिलं.

पुढच्या गावसभेत अध्यक्ष अगदी खुशीत होते. काकांच्या फाटकाशी काय घडलं ते त्यांना एव्हाना कळलं होतं, आणि वाहत्या पाण्यात हात धुण्याची त्यांना सवय होती. त्यांनी सांगितलं की कारंज्याचा विषय तूर्त रद्द केला आहे. मागच्या सभेत एका ज्येष्ठ नागरिकाने गळतीची तक्रार केली होती, तिची तातडीने दखल घेऊन कारंज्याचं सगळं सिमेंट त्यांच्या दारातल्या दुरुस्तीला वापरलं.

सगळं! काका ताडकन उठले. काकूंनी सदऱ्याचं टोक धरून ओढलं, तरी ते खाली बसेनात.

"साफ खोटं," ते म्हणाले. "मला अर्धंच मिळालं."

सभागृह इतकं हसलं की मागच्या बाकावरचा एक म्हातारा खाली पडला. अध्यक्षांनी हात वर करून शांतता केली आणि काकांच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. खर्च एकमताने मंजूर झाला.

त्या दिवसापासून काका सभेला जात नाहीत. कुणाच्या पाट्याही तपासत नाहीत. पण गेल्या आठवड्यात ते किराणावाल्याकडे साखर घ्यायला उभे होते, तेव्हा एका नव्या बाईंनी काकूंचं घर विचारलं. शेजारच्या भाजीवालीने मान वर न करता सांगितलं की सरळ जा, वेलांटीकाकांच्या फाटकापाशी गेल्या हिवाळ्यापासून पाणी मुरतंय, तेच घर.

काकांनी सवयीने ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. त्यात खोडण्यासारखा एकही शब्द नव्हता.