लोकजीवनात न बसणारा चष्मा

नदीच्या डाव्या तीरावर राहणारी जाळीवाली आत्या चष्मा लावून जाळी विणते, ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्याही डोळ्यांवर आली नव्हती. ती साऱ्या वस्तीची आत्या होती. सख्खा भाचा मात्र एकच, आणि तो पर्यटकांच्या नावेवर वाटाड्या म्हणून नोकरीला होता. रोज सकाळी नाव तिच्या दारावरून जाई आणि भाचा कर्ण्यातून पुकारे, "उजवीकडे धनेश पक्षी, डावीकडे लोकजीवन!" धनेश बहुधा नसे. लोकजीवन हमखास असे, कारण आत्याला उडता येत नव्हते.

या सफरीचे अधिकृत नाव 'वर्षावनातील वन्यजीवन व लोकजीवन दर्शन' असे होते. वन्य प्राणी शासकीय आदेश वाचत नाहीत, हा अनुभव दर्शन कार्यालयाने पुष्कळ आदेश काढून घेतलेला होता. त्यामुळे कार्यालयाची सारी कर्तबगारी लोकजीवनावर एकवटणे क्रमप्राप्तच होते. तशी संधी एका निवृत्त प्राध्यापकांनी मिळवून दिली. जाड भिंगांचा चष्मा नाकावर आणि दुर्बीण गळ्यात, अशा थाटात ते पत्नीसह सफरीहून उतरले आणि थेट दर्शन अधिकाऱ्यांच्या खोलीत शिरले.

"आम्ही अस्पर्शित जीवन पाहायला आलो होतो," ते म्हणाले, "आणि ती म्हातारी चक्क चष्मा लावून बसलेली! हिचा सगळा रसभंग झाला."

"माझा नाही झाला हो," पाठीमागून त्यांची पत्नी म्हणाली.

"झाला. तुला कळला नाही, एवढंच."

दुसऱ्याच दिवशी अधिकारी जातीने आत्याच्या ओसरीवर हजर झाले. भाचा त्यांच्या मागे, चोरासारखा, मान खाली घालून उभा राहिला.

"आजी, उद्यापासून नाव येईल तेव्हा चष्मा काढून ठेवायचा," अधिकारी म्हणाले. "मूळ लोकजीवनात चष्मा बसत नाही."

"आणि म्हातारपण बसतं का?"

"म्हातारपण बसतं. उलट शोभून दिसतं."

"मग साहेब, जाळं काय नाकानं विणू?"

"विणल्यासारखं करा. आणि नाव दिसली की हसून हात करा. पाहुण्यांना आपुलकी वाटली पाहिजे."

"बिनचष्म्याची मला नाव दिसणार कशी?"

हा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा असल्यामुळे अधिकाऱ्यांनी त्याची नोंद घेतली नाही. ते पायऱ्या उतरल्यावर आत्या भाच्याकडे वळली. "का रे, तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"नोकरी आहे गं माझी, आत्या. थोडे दिवस काढ."

"तुझ्या नोकरीपायी माझे डोळे गहाण!" असे म्हणून तिने चष्मा काढला. पोरगा आपल्याच हातचा वाढलेला. त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा? नावेच्या इंजिनाची धडधड ऐकू आली की चष्मा पदराआड करावा आणि आवाजाच्या दिशेने हात हलवावा, अशी तोड तिने काढली.

परंतु सुधारणेला एकदा पाय फुटले की ती पायरीवर थांबत नाही. इंजिनाच्या आवाजाने अरण्याची शांतता भंगते, अशी कुरकुर काही प्रवाशांनी केली. तेव्हा वळणापाशीच इंजिन बंद करून नाव प्रवाहाबरोबर सोडण्यात येऊ लागली. आता नाव केव्हा आली हे आत्याला ऐकूही येईना. दोनदा ती चष्म्यासकट पकडली गेली. मग 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' चष्मा कार्यालयात जमा करून घेण्यात आला.

त्याचे परिणाम शास्त्रशुद्ध क्रमाने होत गेले. आत्याच्या जाळ्यांना खिंडारे पडू लागली.

"आत्या, हे काय विणलंस?" एक कोळी जाळे झटकत म्हणाला. "यातून मासे निघून जातात आणि नुसता पाला अडकतो."

"साहेबांना सांग. जाळं त्यांना नुसतं दिसायला हवंय."

आत्याच्या दारापुढच्या धक्क्यापाशी ओढत आणलेले मासे तिथेच निसटू लागले, त्या आयत्या मेजवानीची वार्ता पाण्याखाली पसरली, आणि एक जंगी मगर धक्क्याजवळ मुक्कामाला आली. आत्याच्या धूसर दृष्टीला पाण्यातून सरकणारे लांबट काळे काहीही नावच वाटे. आधी ती वाहत्या ओंडक्यांना हात करी. आता मगरीला करू लागली. ते पाहून प्रवासी हरखून गेले. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आत्या आणि मगर झळकल्या. खाली ओळ होती, 'इथे माणूस आणि निसर्ग एकमेकांना ओळखतात.' नावेत बसायला जागा पुरेना. ज्या कार्यालयाला आजवर एक धनेश धड दाखवता आला नव्हता, ते आता मगरीची हमी देऊ लागले.

भाचा मात्र नावेतून रोज मगरीचे आणि धक्क्याचे अंतर मोजत होता. शेवटी तो आत्याचा हात धरून तिला कार्यालयात घेऊन गेला.

"साहेब, मगर दिवसेंदिवस धक्क्याला लगटते आहे. आत्याचा चष्मा द्या."

"चष्मा दिला की जाळं नीट होणार. जाळं नीट झालं की मासे निसटणार नाहीत. मग मगर कशाला थांबेल?" अधिकारी कळकळीने म्हणाले. "शिवाय तो आता आपल्या संग्रहालयात मांडला आहे. 'पूर्वीच्या लोकजीवनातील एक दुर्मीळ वस्तू.' आजी, तुम्हाला तो पाहायला विनामूल्य प्रवेश आहे हं."

"पाहू कशानं, साहेब?" आत्याने विचारले.

हाही प्रश्न कार्यकक्षेबाहेरचाच निघाला.

सफरीच्या वर्धापनदिनी खास निमंत्रणावरून प्राध्यापक सपत्नीक पुन्हा आले आणि अधिकाऱ्यांसह नावेत बसले. त्या दिवशी नाव धक्क्याला लावायची होती आणि तिचा दोर आत्याने झेलावा, असे ठरले होते. नाव वळणावरून मुकाट्याने तरंगत आली आणि धक्क्याच्या वरच्या टोकाशी टेकली. खालच्या टोकाशी मगर येऊन थांबली होती. आत्याने लांबट काळे ते पाहिले, प्रसन्न हसली आणि "या, या, पाहुणे!" म्हणत खालच्या टोकाकडे निघाली.

"आत्या! ती नाव नाही!" भाचा ओरडला.

"हळू!" अधिकाऱ्यांनी त्याचा दंड धरला. "पाहुणे चित्रण करताहेत. आवाज येतो त्यात."

आत्या कडेशी वाकली आणि तिने दोरासाठी हात पुढे केला. भाच्याने एकवार नोकरीकडे, म्हणजे अधिकाऱ्यांकडे, पाहिले. मग त्यांचा हात झटकून त्याने शेजारच्या प्राध्यापकांच्या नाकावरचा चष्मा ओढला, धक्क्यावर उडी टाकली, आत्याला मागे खेचले आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला.

मगरीचा जबडा रिकाम्या हवेवर मिटला. आत्याने पायाशी पडलेले वल्हे उचलून तिच्या नाकाडावर एक सणसणीत हाणले. "मेले, रोज तुला हात करत होते होय मी!" मगर जरा अपमानित होऊन मागे सरली.

"अहाहा! काय देखणी नाव आहे ती!" नावेतून प्राध्यापक मगरीकडे बोट दाखवत उद्गारले.

आत्याने आता खऱ्या नावेकडे पाहिले. कित्येक दिवसांनी तिला ती स्पष्ट दिसत होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यापुढे एकेक फोन उभा होता आणि प्रत्येक जण आपापल्या फोनात पाहत होता. आत्या मरता मरता वाचली, हे त्यांच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "आजी, पुन्हा एकदा वाका ना. हललं जरा."

आत्याने एकदा नाव न्याहाळली, एकदा मगर.

"ही बरी," ती भाच्याला म्हणाली. "खायला का होईना, पण बघते तरी माझ्याकडे."

भाच्याची नोकरी त्याच दुपारी गेली. जाता जाता संग्रहालयातला चष्मा तो बरोबर घेऊन आला. आता आत्या दिवसभर चष्मा लावून विणते. जाळी पुन्हा चोख होतात, भाचा त्याच जाळ्यांनी मासे धरतो, आणि मगर जुन्या ओळखीखातर अधूनमधून फिरकते. नाव दिसली की मात्र आत्या स्वखुशीने चष्मा काढून ठेवते. तिथे बघण्यासारखे काही नसते, असे तिचे म्हणणे आहे. हात करायला ती विसरत नाही. फक्त तो नावेला नसतो.

तुमच्याही दिवाणखान्यात तो फोटो असेलच. मागे हिरवेगार अरण्य, पुढे हसऱ्या तोंडाची म्हातारी, हात वर केलेला. आल्यागेल्याला तुम्ही सांगता, "काय साधी माणसं हो! आम्हालाच हात करत होती." खुशाल सांगा. फक्त एकदा चष्मा पुसून फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पाण्यात, पाहा. तिथे काहीतरी लांबट काळे आहे. तुम्ही आजवर त्याला ओंडका समजत आला आहात.