छत्तीस इंचांची जास्वंद

तारादेवी लेकीकडे धुळ्याला गेल्या आणि त्याच सकाळी जास्वंदीच्या एका मोडक्या फांदीत अडकून झुंबरलालांच्या नव्या कुर्त्याची बाही टर्रकन फाटली.

दोंडाईच्यात चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेल्या माणसाला हा अपमान सहन होणं शक्य नव्हतं. ते तडक समोरच्या खाजा टेलरकडे गेले. खाजाभाईंनी बाही उलटसुलट करून पाहिली.

"नाना, बाही शिवून देतो. पण उद्या दुसरी फाटेल. आधी फांदीचं बघा."

"जास्वंद तिची आहे. हात लावलेला चालत नाही तिला."

"भाभी कुठे आहेत?"

"धुळ्याला. आठ दिवस."

खाजाभाईंनी शांतपणे मोठी कात्री उचलली.

कंपाउंडच्या भिंतीलगत सात झाडं होती, माणसाच्या डोक्यावर हातभर गेलेली, लाल फुलांची. गल्लीतल्या चौदा घरांच्या गणपतींना फुलं तिथूनच जात. खाजाभाईंनी ती एक फांदी कापली, आणि तिथे असं भगदाड पडलं की रस्त्यावरून थेट झुंबरलालांच्या वाळत घातलेल्या बनियनचं दर्शन व्हायला लागलं.

"हे वाईट दिसतं," झुंबरलाल म्हणाले.

"एका बाहीचा कुर्ता कसा दिसेल? सगळं एका मापात घेऊ."

"छत्तीस इंच ठेवू. सुबक दिसेल."

मग दोघं कामाला लागले. डाव्या टोकाकडून झुंबरलाल, उजव्या टोकाकडून खाजाभाई. मापाची पट्टी एकच, ती आळीपाळीने इकडून तिकडे फिरत होती. दुपारी दोघं मधल्या झाडाशी भेटले, तेव्हा त्या झाडाची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली सहाएक इंच खाली होती.

"खाजाभाई, छत्तीस ठरलं होतं!"

"माझं छत्तीसच आहे."

"माझंही छत्तीसच. पट्टी लावून बघा!"

खाजाभाईंनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. "नाना, या पट्टीचे पहिले सहा इंच तुटलेत. मी बेचाळीसवर कापतो. सवयीने."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"पंधरा वर्षं झाली, मला आठवतच नाही."

आता उजवी बाजूही खाली आणणं भाग होतं. ती आणली. पण एवढ्या खाली पानंच नव्हती. वर हिरवागार पिसारा आणि आत नुसत्या काटक्या, हे झाडाचं गुपित त्या दिवशी उघड्यावर आलं. गुडघ्यापाशी मात्र दोनचार डोळे फुटलेले दिसत होते. तिथून नीट वाढेल, असं खाजाभाईंच्या अमिनाबींनी मेंदीबद्दल कधीतरी सांगितलं होतं. अमिनाबींच्या शब्दावर संध्याकाळपर्यंत सातही झाडं गुडघ्यावर आली.

भांड्यांना आलेली भिकुबाई फाटकातच थबकली. "नाना, हाई काय करी टाकं! बठ्ठं कापी टाकं! आते गणपतीले फूल कोठे शे?"

शेजारच्या लताबाईंनी फोटो काढला आणि तारादेवींच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं : "नानांची तब्येत ठीक आहे ना?"

तारादेवी आठ दिवस राहणार होत्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आल्या. पिशवी खाली न ठेवता त्यांनी सातही खुंट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. झुंबरलाल खांबाआड उभे होते.

"मी काही बोलत नाही," तारादेवी म्हणाल्या. "चौदा घरांना फुलं द्यायचा शब्द माझा आहे. गणपतीला अडीच महिने आहेत. आता तो शब्द तुमचा. आणि बाजारातली फुलं चालणार नाहीत."

एवढं बोलून त्या खरोखरच बोलायच्या थांबल्या. जेवण वेळेवर मिळत होतं, पण ताट ठेवल्याचा आवाज झुंबरलालांना पहिल्यांदाच एवढा स्पष्ट ऐकू येऊ लागला.

दोघे म्हातारे त्या खुंटांच्या सेवेला लागले. झुंबरलालांनी शेणखत आणलं. खाजाभाई रोज सकाळी दुकान उघडण्याआधी येऊन कोंब मोजत आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करत, "पाऊण इंच!" ऑगस्टात कोवळ्या शेंड्यांवर पांढरा चिकटा पडला, तेव्हा त्यांनी कॉलर घासायचा मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक शेंडा पुसून काढला. झाडं भराभर वाढली, दाट झाली, बुंध्यापासून हिरवी झाली. फूल मात्र एकही नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पानांत घट्ट मिटलेल्या कळ्या होत्या, टोकाला लाली होती, पण उमललेली एकही नव्हती. झुंबरलाल संध्याकाळी जेवले नाहीत. तारादेवींनी न बोलता त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवला.

सकाळी भिकुबाईच्या ओरडण्याने गल्ली जागी झाली. "नाना! नानी! भाईर या!"

सातही झाडं लाल झाली होती. पूर्वी फुलं वरच्या शेंड्यांना लागत आणि शिडी घ्यावी लागे. आता ती हाताशी होती, पानापानांतून, भिंतीच्या दोन्ही बाजूंना. लताबाई परडी घेऊन आल्या आणि परडी अपुरी पडली म्हणून ताट आणायला गेल्या. चौदा घरांची फुलं निघाली, मंडळाच्या गणपतीचा हार झाला, तरी झाडं तशीच भरलेली दिसत होती. खाजाभाई धावत आले ते एका पायात चप्पल घालून. झुंबरलालांनी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली.

"एवढी फुलं कधीच नव्हती बाई," लताबाई म्हणाल्या. "केलंत तरी काय?"

झुंबरलाल छाती फुगवून बोलणार, तेवढ्यात तारादेवी पुढे झाल्या. "जून झाड जोरात छाटावंच लागतं. मी किती वर्षं यांच्या मागे लागले होते. शेवटी ऐकलं एकदाचं."

खाजाभाईंचं तोंड उघडलं. झुंबरलालांनी त्यांचा हात दाबला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तारादेवी त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

"खरं आहे," ते म्हणाले. "सगळं हिच्याच सांगण्यावरून."

"मग नाना, आमची तगरही छाटून द्या ना," लताबाई म्हणाल्या. मागून गल्लीतल्याच वच्छलाबाईंनी आपल्या कण्हेरीचं नाव नोंदवलं.

खाजाभाई कानाशी आले. "नाना, तगर कुठून छाटतात?"

"मला काय ठाऊक!" झुंबरलाल कुजबुजले, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रविवारी येतो, लताबाई! सकाळी आठला तयार राहा!"