वेंकोबाराव मामांची एकच आसामी

रोज सकाळी साडेसहाला, दुधाच्या बूथसमोरच्या रांगेत, वेंकोबाराव मामा एका परदेशी राष्ट्राध्यक्षाला मृत्युदंड द्यायचे. हातात दुधाचं निळं पाकीट असायचं, खांद्यावर टॉवेल असायचा, आणि आवाज असा, की पलीकडच्या इडलीवाल्याचा हात थांबावा. "एकच आसामी," मामा म्हणायचे. "त्याला काढला की फाइल बंद. युद्ध कशाला पाहिजे?"

आमची घरं तंजावरात एका भिंतीने जोडलेली. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, मामा पापनाशमच्या पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क होते. तीस वर्षं पॅसेंजरने गेले-आले, आणि जगाकडे अजून त्याच टेबलामागून बघतात. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना हसू आणते. मामांची तर मलाही आणते, पण मी तोंड फिरवून हसते.

आसामीचं खरं नाव मी घेत नाही. मिशांमुळे मामा त्याला 'मीसैकारन' म्हणत. त्याने स्वतःच्या शेजारच्या देशाला दोन वर्षं धमक्या देत ठेवल्या होत्या, आणि त्या शेजारच्या देशात, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात, मामांचा एकुलता एक मुलगा सुधींद्र नोकरीला. मामी आधीच वारलेल्या. घरात मामा, टीव्ही आणि सुधींद्रचा रविवारचा फोन. युद्ध पेटलं तर पहिला बाँब त्या कारखान्यावर, हे मामांनी मनाशी पक्कं केलं होतं. जगाची चिंता वगैरे वरवरचं. पोरगा जिता राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"युद्धांत मरतो कोण?" ते मला विचारत. "शिपाई मरतो, भाजीवाला मरतो. सही केला तो मरतो काय? मग सही करणाऱ्यालाच धरा की."

बोलणं ऐकायला बरं वाटतं, हेच त्यातलं संकट. मी म्हणाले, "मामा, एकाला उडवलात तर त्याचा भाऊ गादीवर बसेल. हे मी पोरांना पस्तीस वर्षं शिकवलंय."

"भावालाही काढायचा."

"आणि मेहुण्याला?"

"किती असतील, अंबू? आमच्या कचेरीत एका खुर्चीवर एका वर्षांत चार इंजिनिअर आले. पाचवा चांगला निघाला."

मी विचारलं, तिकडेही कुणी मामा दुधाच्या रांगेत उभा राहून आपल्या सही करणाऱ्यांची यादी करत असेल, त्याचं काय? मामांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "आपलं वेगळं," म्हणाले, आणि पाकीट घेऊन निघून गेले. असे मुद्दे मी जिंकायचे, पण रांगेतले लोक मामांच्या बाजूने असायचे. घरबसल्या, आपल्याकडचा एकही माणूस न दुखावता मिळणारा विजय कुणाला नको असतो?

त्यांनी दिल्लीला अर्जही केला. इंग्रजीत, पोचपावतीसह रजिस्टर. विषय: एक उपद्रवी इसम कमी करणेबाबत. उत्तर आलं, की आपला अर्ज पुढील कारवाईसाठी संबंधितांकडे पाठवला आहे. महिन्याभराने एक माणूस पाठीवर यंत्र बांधून आला आणि आमच्या गल्लीत डासांचा धूर करून गेला. मामांनी त्याच्याकडूनही सही घेतली.

आणि हा मारेकरी घरात कसा? स्वयंपाकघरात उंदीर सापडला, तर पिंजरा मांडीवर घेऊन ऑटोने वेण्णार नदीच्या पुलापलीकडे सोडून आले. वर ऑटोवाल्याला खड्डे चुकवायला सांगत होते, आतला घाबरतो म्हणून. मी म्हटलं, "मामा, मीसैकारनला इतकं सांभाळून घेतलं असतंत तर?" म्हणाले, "उंदराने सही केला नाही."

मीसैकारनची फाइल मात्र त्यांनी अशी ठेवली होती, की त्याच्या बायकोनेही ठेवली नसेल. त्याला साखरेचा आजार, डावा गुडघा धरतो, पोरं दोन, धाकट्याच्या पोराला तो खांद्यावर घेऊन फिरतो. "हे कशाला हवंय?" मी विचारलं. "आसामीची अस्की माहिती पाहिजे, एकूण एक," मामा म्हणाले.

मग भाद्रपदात एका दुपारी ते खरंच घडलं. कुणीतरी कुठूनतरी विमान पाठवलं आणि मीसैकारनचं घर जमीनदोस्त केलं. मामा दुसऱ्या दिवशी बूथवर मुगाच्या डाळीचा अशोका हलवा घेऊन आले, गरम, तुपाने कागद भिजलेला. रांगेतल्या प्रत्येकाला वाटला. "फाइल बंद," म्हणाले. मीही खाल्ला. खोटं कशाला सांगू, छान झाला होता.

त्याच संध्याकाळी मीसैकारनच्या जागी आलेल्या माणसाने शेजारच्या देशावर क्षेपणास्त्रं सोडली. पहिलं बंदरावर, दुसरं सुधींद्रच्या कारखान्यावर.

फोन लागेना. मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले ते तीन दिवस. मी कॉफी ठेवायची, ती निवायची, मी परत गरम करायची. मला 'मी सांगितलं होतं' म्हणायची फार जुनी खोड आहे. त्या तीन दिवसांत ते शब्द माझ्या तोंडात आलेच नाहीत. मला भीती वाटत होती. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "अप्पा, मी बरा आहे. तळघरात होतों." मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते.

त्यानंतर बूथवर लोक विचारायचे, नव्या माणसाचं काय करायचं? मामा पाकीट घेऊन निघायचे.

महालय अमावास्येला म्हणाले, "अंबू, तुझ्या स्कूटरवर तिरुवैयारूला सोडतेस?" मी सोडलं. कावेरीच्या पायऱ्यांवर गर्दी होती. मामा तर्पणाला बसले, मी वरच्या पायरीवर त्यांची पिशवी धरून उभी. आई-वडील झाले, आजे-पणजे झाले, मामी झाल्या. आचार्य आवरायला लागले.

"अजून एक आहे," मामा म्हणाले, आणि त्याचं नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट.

आचार्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोत्र?"

"ठाऊक नाही. ठाऊक नसलं तर काश्यप मणतात ना. काश्यप मणा."

"नातं?"

मला राहवलं नाही. "मामा, त्याच्याच मरणाचा हलवा वाटलात ना?"

"वाटलों," मामा पाण्याकडे बघत म्हणाले. "दोन वर्षं रोज सकाळी त्याचं मरण मागितलों. माझा पोरगा फोनवर बोलला, अंबू. त्या माणसाचे दोघे पोरं त्याच घरांत होते. त्याला पाणी सोडायला कोण्ही राहिला नाही."

आचार्य हळूच म्हणाले, "सखा मणूं?"

"मणा."

बोटांवरून तीळ आणि पाणी तीनदा खाली गेलं. मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली. पण मामांनी परत तीळ घेतले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"त्या लहान पोराचं नाव काय गं? त्याच्या नातवाचं?"

मला ठाऊक नव्हतं. टीव्हीवर 'नातूही गेला' एवढंच होतं, नाव कुणी सांगितलंच नव्हतं. मामा ओंजळ तशीच धरून बसून राहिले.