पडलं म्हणजे पडलं

सोमवारी सकाळी, चहाच्या वेळेला, हेडक्लार्क बागेच्या पायरीवरून पडले आणि पडता पडताच त्यांनी ठरवून टाकलं की आपण पडलेलो नाही.

पायरी ओली होती. डावा गुडघा आपटला, काठी एकीकडे गेली, चष्मा दुसरीकडे. पण हेडक्लार्क उठले ते अशा ऐटीत, जणू खाली पडलेली टाचणी उचलायला वाकले होते. आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. डायनिंग हॉलच्या काचेच्या खिडक्या तेवढ्या होत्या. पण खिडक्यांना काय कळतंय? ते लंगडत बाकापर्यंत गेले आणि उजव्या टोकाला बसले. डावी बाजू रिकामी ठेवली.

ती बायकोची जागा. वृद्धांच्या या शुश्रूषागृहात दोघं बरोबर राहायला आली आणि दोन वर्षं रोज सकाळी त्या बाकावर बसली. मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मुलगी दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "बाबा, मन लागतं का हो तिथे?" आणि हेडक्लार्क एकच सांगायचे, "बघू."

पडलो हे न सांगण्यामागे कारण होतं. शुश्रूषागृहाचा नियमच होता तसा: जिथे कोणी पडेल तिथलं दार चौकशी पुरी होईपर्यंत बंद. आणि चौकशी किती दिवस चालते हे चाळीस वर्षं सरकारी चौकशा चालवून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. गच्चीचं दार असंच एकदा चौकशीसाठी बंद झालं होतं. त्या कुलपात चिमणीच्या तीन पिढ्या वाढल्या.

पण त्याच दुपारी मोठ्या सिस्टर एक कोरी वही घेऊन त्यांच्या खोलीत आल्या.

"साहेब, मी महिनाभर रजेवर चाललेय, लेकीच्या बाळंतपणाला. तेवढी ही वही सांभाळाल? तुमच्यासारखं अक्षर इथे कोणाचं नाही."

"कसली वही?"

"पडण्याची. कोण पडलं, कुठे पडलं, लागलं का, साक्षीदार कोण. चार रकाने. फक्त काही गाळायचं नाही हं. लोक लपवतात हो."

"लपवतात?" हेडक्लार्कांनी गुडघा टेबलाखाली घेतला.

"लपवतात म्हणजे काय? तुम्ही कोणाचं ऐकू नका. पडलं म्हणजे पडलं. लिहून मोकळं व्हायचं."

हेडक्लार्कांचा ऑफिसात दरारा असा होता, की डोक्यावर पंखा गरगरत असला तरी त्यांच्या टेबलावरचा कागद उडत नसे. परवानगीशिवाय उडायची त्याची छाती नव्हती. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी खुद्द मोठ्या साहेबांचं पत्र तीनदा परत पाठवलं होतं. अशा माणसाच्या हातात नवी वही आली आणि तिच्यातली पहिलीच नोंद त्यांनी गाळली. तीन दिवस घास गोड लागेना. वही उघडावी तर कोरं पान डोळे वटारून बघायचं.

चौथ्या दिवशी शिवणवाल्या मावशी शेजारी येऊन बसल्या. जन्मभर मशीन चालवलेल्या. अजून बोलताना पाय हलायचा.

"साहेब, काल मला काय छान स्वप्न पडलं."

एरवी हेडक्लार्क 'बरं' म्हणून गप्प बसले असते. पण एक नोंद गाळलेला माणूस दुसरी गाळायला धजत नाही.

"पडलं?"

"पडलं ना."

"पडलं म्हणजे पडलं," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कुठे?"

"माहेरी. अंगणात."

"लागलं का?"

"नुकताच डोळा लागला होता."

"साक्षीदार?"

"आई होती की. मला म्हणाली, टाके जवळ घाल."

त्यांनी सगळं लिहिलं. मावशींनी दोनदा वाचून घेतलं आणि डायनिंग हॉलभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रॉम्प्टर हजर. आयुष्य विंगेत गेल्यामुळे हे गृहस्थ खासगी गोष्टसुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी कुजबुजत.

"साहेब, आमचं एक नाटक पडलं होतं. लिहिणार?"

"कुठे पडलं?"

"तिसऱ्या अंकात. नायक माझं वाक्य ऐकायचं सोडून प्रेक्षकांचं ऐकायला लागला."

"लागलं का?"

"जिव्हारी."

"साक्षीदार?"

"प्रेक्षक सात. त्यातले चार घरचे."

मग काय, रोज चहानंतर रांग लागू लागली. रांगेचं शेपूट स्वयंपाकघरात शिरलं. वॉकर धरून माणसं नंबर लावत. सकाळी काय खाल्लं हे ज्यांना आठवत नसे, त्यांना साठ वर्षांपूर्वी काय काय पडलं होतं ते तारखेनिशी आठवायला लागलं. कोणाच्या बहिणीशी अंतर पडलं होतं, कोणाची पहिल्याच दिवशी मास्तरांशी गाठ पडली होती. दुपारभर भिंतीकडे तोंड करून नुसतं पडून राहणारं कोणी उरलंच नाही. महिनाअखेर रांग संपल्यावर हेडक्लार्कांनी दार लोटलं आणि एक नोंद स्वतःचीही केली. क्रमांक सत्तेचाळीस.

शुश्रूषागृहाच्या ऑफिसातल्या बाईंनी नियमाप्रमाणे शेवटचा आकडा बघून वर कळवला. वही वाचायची असते असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सिस्टर रजेवरून परतल्या त्याच सकाळी तपासनीस बाई दारात उभ्या.

"एकवीस माणसं, एक महिना, सत्तेचाळीस वेळा पडणं," त्या म्हणाल्या. "सिस्टर, इमारत तिरकी आहे का?"

"अहो, शक्य नाही. एवढी तर माझी माणसं चालतही नाहीत."

"आजपासून बाग बंद. सगळ्यांना खुर्चीत बसवा, पट्टे लावून. वही आणा."

हेडक्लार्कांनी वही आणून दिली. जो बाक वाचवायला एक नोंद लपवली, तो त्यांच्याच वळणदार अक्षराने घालवला होता. डायनिंग हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, बाई वाचू लागल्या. दुसऱ्या पानावर त्यांच्या कपाळाची आठी गेली. पाचव्या पानावर त्या खुर्चीत टेकल्या. शेवटी मोठ्याने वाचलं:

"क्रमांक सत्तेचाळीस. खोली नऊ. प्रेमात पडलो. ठिकाण: आवक-जावक विभाग, खिडकी दोन. लागलं का: वेड. साक्षीदार..." त्या थांबल्या. चौथ्या रकान्यात टपोऱ्या कार्यालयीन अक्षरात 'मयत' असं लिहिलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे जमिनीवर असं कोणीच पडलेलं नाही. मग काळजी मिटली. बाग राहू दे. मी अहवालात 'निरंक' लिहिते."

झालं होतं. बाक वाचला होता. गप्प बसलं की काम संपत होतं. पण 'निरंक' हा शब्द हेडक्लार्कांनी चाळीस वर्षं खोटा लिहू दिला नव्हता.

"थांबा," ते म्हणाले. "निरंक नाही. एक आहे. मी. बागेच्या पायरीवर, पहिल्याच सोमवारी. गाळली ती नोंद."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला.

"अहो साहेब, काय केलंत हे? त्या पायरीला कठडा हवा म्हणून सहा महिने लिहितेय मी. वरून एकच उत्तर: तिथे कोणी पडल्याची नोंद दाखवा. मी एका नोंदीसाठी वाट बघतेय आणि तुम्ही नाटकं लिहीत बसलात?"

"पण दार बंद..."

"दार कशाला?" तपासनीस बाई म्हणाल्या. "नोंद करा. दार उघडं ठेवून आठ दिवसांत कठडा बसेल, हा माझा शेरा. साक्षीदार कोण?"

"कोणी नाही. कोणी बघितलं नाही."

"बघितलं नाही कसं?" शिवणवाल्या मावशी म्हणाल्या. "खिडकीतून चांगलं दिसत होतं. आधी काठी गेली, मग तुम्ही."

"मग चष्मा," प्रॉम्प्टर साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं कुजबुजले.

"तुम्ही सगळे होतात?"

"चहाची वेळ, साहेब. कोण नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही उठलात कसे ते बघून," मावशी म्हणाल्या. "पडलेच नाही असं इतक्या मेहनतीने दाखवलंत, म्हटलं कशाला मन मोडा. पण दुसऱ्या दिवशीपासून तुमचं जेवण तुटलं. म्हणून म्हटलं, वहीत काहीतरी पडू दे."

हेडक्लार्कांनी वही पुढे ओढली. साक्षीदाराच्या रकान्यात वीस सह्या मावेनात, समासातही झाल्या. दोन तर पार पहिल्या पानावर, प्रॉम्प्टरच्या नाटकात गेल्या. तिसऱ्या रकान्यात त्यांनी 'गुडघा' लिहिलं आणि टोपण लावता लावता त्याच्याखाली आणखी एक शब्द लिहिला.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा हेडक्लार्क बाकावर, उजव्या टोकाला बसले होते. पायरीपाशी दोघं माणसं कठड्यासाठी भोकं पाडत होती.

"बाबा, मन लागतं का हो तिथे?"

"लागलं," हेडक्लार्क म्हणाले. "रीतसर नोंद आहे. क्रमांक अठ्ठेचाळीस, रकाना तिसरा. गुडघ्याच्या खाली."