साळिंदरांचे बारसे

एका जंगलात, जे नकाशावर नुसता हिरवा डाग म्हणून दाखवतात, एक साळिंदर जोडपे राहत होते. नवऱ्याचे नाव काटेराव. बायकोचे नाव मृदुला. हसू नका, मुलांनो. नाव ठेवतात तेव्हा पिल्लू मऊच असते. काटे मागाहून टणक होतात.

त्यांच्या बिळात सगळे होते. कंद होते, मुळे होती, उन्हाळ्यात गार वाटणारा एक कोपरा होता. मूल तेवढे नव्हते. मृदुलाबाईंची एकच इच्छा होती. कुणीतरी आपल्याला 'आई' म्हणावे.

शेजारच्या बिळात सशीणबाई राहत. त्यांना दर दोन महिन्यांनी पोरे होत. संध्याकाळी ती सगळी 'आई, आई' करून कल्ला करत, आणि सशीणबाई ओरडत, "काय मेली कटकट आहे!" तेव्हा मृदुलाबाईंच्या हातातला कंद हातातच राही. ही कटकट वाटीभर उसनी मिळाली तर किती बरे, असे त्यांना वाटे.

एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, आपण एखादं पोरकं पिल्लू घरी आणू या का?"

काटेराव राजाच्या कचेरीत चौकशीला गेले आणि हात हलवत परत आले. राज्यात एकही पिल्लू पोरके नाही, अशी महाराजांनी गेल्या वाढदिवसाला घोषणा केली होती. कचेरीच्या पायरीवरच दोन पोरकी पिल्ले चिंचा चोखत बसली होती. पण घोषणेपासून ती कागदावर नव्हती. जे कागदावर नाही ते मागायचे कसे?

"मग परदेशातून आणा की," टिटवीकाकू म्हणाल्या. टिटवीकाकू म्हणजे त्या जंगलाचे वर्तमानपत्र. न छापता निघणारे. "समुद्रापलीकडे खूप असतात म्हणे. आणि परदेशी म्हटलं की कसं, टिकाऊ असतं!"

परदेशी जाण्याआधी घराची तपासणी झाली. बगळेसाहेब आले. एका पायावर उभे राहून त्यांनी बीळ पाहिले, कंद मोजले आणि मग काट्यांकडे पाहिले.

"मुलाला कुशीत कसे घेणार?" त्यांनी विचारले.

ह्या प्रश्नावर शासनाची एक परीक्षा होती. पिकलेली पपई छातीशी धरायची. बगळेसाहेब शंभर आकडे मोजणार. पपईला एकही भोक पडता कामा नये.

पहिल्या पपईला सतरा भोके पडली.

मृदुलाबाईंनी तीन महिने सराव केला. श्वास कसा घ्यायचा, काटे अंगासरशी कसे निजवायचे, शिंक आली तर काय करायचे, सगळे त्या शिकल्या. भोके पडलेल्या पपया काटेरावांना खाव्या लागल्या. सकाळी पपई, संध्याकाळी पपई. त्या तीन महिन्यांत ते बिळात कमी आणि झुडपामागे जास्त असत, पण तक्रार म्हणून केली नाही.

शेवटी एके दिवशी बगळेसाहेबांनी शंभर मोजले आणि पपई तशीच्या तशी राहिली. "उत्तीर्ण," ते म्हणाले, "आता खाली ठेवा." मृदुलाबाईंनी ठेवली नाही. त्यांना तीनदा सांगावे लागले.

सशीणबाईंना आजवर कुणी पपई मागितली नव्हती. पण ते असो.

पंधरा दिवसांचे लाडू बांधून दोघे कासवाच्या पाठीवर बसले आणि समुद्रापलीकडे गेले. तिथे मोठे कुरण होते. कुरणात पोरकी पिल्ले होती. आणि मधोमध नऊ फांद्यांची एक बाभळ होती. तीच कचेरी. कचेरीत सरडेसाहेब होते. त्यांचा एक डोळा अर्जावर असे आणि दुसरा माशीवर.

"तुमचे मूल, अनुक्रमांक बावीस," सरडेसाहेबांनी शेपटीने दाखवले. "मुलगी आहे."

गवतात एक पिवळे पिल्लू झोपले होते. अंगावर तपकिरी ठिपके, डोळ्यांना लांब पापण्या, मान पाठीवर दुमडलेली. मृदुलाबाई काटे निजवून त्याच्याजवळ सरकल्या.

"आधी उंची," सरडेसाहेब म्हणाले. "पाल्य पालकाहून बुटके असावे असा नियम आहे."

मृदुलाबाईंनी होते नव्हते ते सगळे काटे उभे केले. झोपलेल्या पिल्लापेक्षा त्या चार बोटे उंच भरल्या. नियमात बसले.

मग पिल्लू जागे झाले आणि उठू लागले. आधी पाय उलगडले. ते उलगडतच राहिले. मग मान वर गेली.

"अगं," काटेराव हळूच म्हणाले, "अजून किती आहे?"

"असू द्या हो," मृदुलाबाई म्हणाल्या. "कपडे नाही का आपण वाढत्या मापाचे घेत? तसं मूलही घ्यावं."

तर मुलांनो, ते जिराफाचे पिल्लू होते.

"कागद पूर्ण व्हायला पंधरा दिवस लागतील," सरडेसाहेब म्हणाले. "तोवर दिवसभर भेटा, खाऊ घाला, खेळवा. पण एक लक्षात ठेवा. दत्तकपत्र हाती येईपर्यंत मुलाने 'आई' किंवा 'बाबा' म्हणायचे नाही. 'अर्जदार' म्हणायचे. दत्तकपत्र मिळाले की घरी नेऊन रीतसर बारसे करायचे आणि ठेवलेले नाव कळवायचे. तोवर ही बावीस."

आता त्या कचेरीची रीत ऐका. प्रत्येक फांदीवर एक सही लागे. नऊ फांद्या, नऊ अधिकारी. आणि नऊही अधिकारी सरडेसाहेबच. खालच्या फांदीवर ते तपकिरी असत, तेव्हा ते कारकून. दुसऱ्या फांदीवर चढले की हिरवे होत, आणि हेडक्लार्क बनत. फाईल तोंडात धरून ते एक पाऊल पुढे टाकत, डुलत, विचार करत, आणि अर्धे पाऊल मागे घेत.

पंधरा दिवसांनी लाडू संपले. सरडेसाहेब पहिल्या फांदीच्या टोकाला पोचले होते.

वर्षभराने काटेरावांनी खालून हाक मारली, "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, पंधरा दिवस?"

"ते खालच्या फांदीवरचे गृहस्थ म्हणाले असतील," हिरवे सरडेसाहेब वरून म्हणाले. "माझी त्यांची ओळख नाही. लेखी कळवा."

दोघांनी बाभळीखालीच बीळ खणले. आणि मूल वाढवायची परवानगी मिळेपर्यंत त्यांनी काय केले असेल? मूल वाढवले. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

बावीस पहिला शब्द बोलली. "अज्जदाल."

मृदुलाबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. मग रोज तेच. "अर्जदार, भूक लागली." "अर्जदार, ही मुंगी चावली." रात्री विजा कडाडल्या की बावीस धावत येई, गुडघे टेकी आणि बिळाच्या तोंडाशी नाक खुपसून म्हणे, "अर्जदार, जवळ घ्या." मृदुलाबाई काटे निजवून ते भलेमोठे नाक कुशीत घेत. सकाळी नाकाला एकही ओरखडा नसे.

एकदा तिला ताप भरला. मृदुलाबाई तीन दिवस तिच्या खुराला चिकटून बसल्या. चौथ्या दिवशी बावीस डोळे उघडून म्हणाली, "आ..." मृदुलाबाईंनी झटकन वर पाहिले. फांदीवरून सरडेसाहेबांचा एक डोळा खाली वळला होता. "आ... आता बरं वाटतंय, अर्जदार," बावीस म्हणाली. शहाणी होती पोर.

अशी सात वर्षे गेली. काटेरावांचे काटे पांढरे झाले. मृदुलाबाईंचे गळू लागले. बावीस मात्र बाभळीच्या शेंड्याला लागली. नवव्या फांदीवर सरडेसाहेब सही करत होते तेव्हा ती समोरच तोंड करून पाहत होती.

"झाली सही!" ती खाली वाकून ओरडली. "अर्जदार, झाली!"

मृदुलाबाईंनी अंग झटकले, तोंड धुतले. काटेरावांनी नाचायला सुरुवात केली, पण गुडघ्याने साथ दिली नाही.

"थांबा," सरडेसाहेब म्हणाले. "दत्तकपत्र देण्यापूर्वी शेवटचे माप. पाल्य पालकाहून बुटके असावे."

बावीस चटकन खाली बसली. पाय दुमडले, मान पाठीवर टाकली, कान पाडले, श्वाससुद्धा सोडला. मृदुलाबाईंनी उरलेसुरले काटे उभे केले. त्यातले दोन तिथेच गळाले.

"नियमात बसत नाही," सरडेसाहेब म्हणाले. "अर्ज नामंजूर. कासव उद्या सकाळी निघेल. अर्जदारांनी परत जावे."

मृदुलाबाई मटकन खाली बसल्या. सात वर्षांत त्या एकदाही भांडल्या नव्हत्या. आताही भांडल्या नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या, "एकदा तरी म्हणू द्या ना तिला. जाण्यापूर्वी. एकदाच."

"तशी तरतूद नाही," साहेब म्हणाले.

बावीस उठून उभी राहिली. तिची मान वर गेली, आणखी वर गेली, आणि नाक सरडेसाहेबांच्या नाकाला टेकले.

"साहेब, तो नियम पुन्हा वाचा."

"पाल्य पालकाहून बुटके असावे."

"वयाचं काही लिहिलंय?"

सरडेसाहेबांनी एका डोळ्याने कागद पुढून पाहिला, दुसऱ्याने मागून. "नाही."

"मग इथे उंच कोण? मी. बुटके कोण? हे दोघे. कोरा अर्ज द्या. मला हे दोघे दत्तक घ्यायचेत."

सरडेसाहेबांच्या अंगावर नऊही अधिकारी एकदम उमटून गेले. पण नियमात बसत होते. आणि नियमात बसणाऱ्या गोष्टीला नाही म्हणण्याची त्यांना ताकद नव्हती.

"नऊ सह्या लागतील," ते म्हणाले. "पंधरा दिवस."

"या, बसा," म्हणून बावीसने त्यांना आपल्या कपाळावर घेतले. आणि मुलांनो, मग काय धमाल उडाली! मान खाली, पहिली फांदी, तपकिरी, सही! मान वर, दुसरी फांदी, हिरवे, सही! पिवळे, सही! राखाडी, सही! साहेबांना कुठल्या फांदीवर आपण कोण हेच कळेना. पाचव्या फांदीवर ते स्वतःलाच नमस्कार करून मोकळे झाले. काटेराव खाली उभे राहून टाळ्या पिटत होते. नऊ सह्या नऊ घटकांत झाल्या म्हणावे तर तेही नाही. घटकासुद्धा पुरी लागली नाही.

"पपई!" साहेब धापा टाकत म्हणाले. त्यांना फाईलमधली शेवटची अट आठवली होती. "पालकाची पपईची परीक्षा राहिली!"

पपई आणली. बावीसला कुशी कुठली? तिने पपईकडे पाहिले, आ केला आणि अख्खी गिळून टाकली. लांब मानेतून पपई सावकाश खाली उतरताना सगळ्यांनी पाहिली. ती पोचेपर्यंत सरडेसाहेबांचे शंभर आकडे मोजून झाले.

"भोक पडले का?" त्यांनी विचारले.

"पडलेलं कुणी पाहिलं नाही," काटेराव म्हणाले.

"उत्तीर्ण."

परतीला चार कासवे लागली, एकेका पायाला एक. पालक मधोमध उभी, पाल्ये तिच्या डोक्यावर. समुद्रात एक कासव जरा रेंगाळे आणि बावीसचा एक पाय मागे राही. मग सगळे थांबत, पाय गोळा करत आणि पुढे निघत.

जंगलाच्या किनाऱ्यावर टिटवीकाकू हजरच. दत्तकपत्र त्यांनीच मोठ्याने वाचले. "म्हणजे मृदुलाबाई, कायद्यानं आता तुम्ही हिला आई म्हणायचं?"

"म्हणेन की," मृदुलाबाई म्हणाल्या. "कुणीतरी कुणाला तरी म्हणतंय, पुष्कळ झालं." त्या हसल्या. पण आतल्या बाजूने एक काटा रुतलाच.

नियमाप्रमाणे बारसे ठरले. वडाच्या फांदीला पाळणा टांगला. त्याला झेंडूच्या माळा लावल्या. घुगऱ्या शिजल्या. सगळे जंगल लोटले. पाळण्यात दोन म्हातारी साळिंदरे टोपडी घालून निजली होती. बायकांनी पाळण्याखालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करून त्यांना फिरवायचा प्रयत्न केला, पण काटे असे टोचले की दोनच हात बदलल्यावर घेणाऱ्या बायका संपल्या.

"डोळे बघा हो, अगदी आईवर गेलेत!" सशीणबाई पाळण्यात वाकून म्हणाल्या.

"आणि रंग?" टिटवीकाकू म्हणाल्या. "रंग आजोळचा!"

"कानात नाव आत्याने सांगायचं असतं," कुणीतरी म्हणाले. पण आत्या कुठून आणणार? बावीस म्हणाली, "मीच सांगते."

तिची मान खाली आली. आधी काटेरावांच्या कानाशी. "कुर्र," ती म्हणाली आणि काहीतरी सांगितले. काटेराव टोपड्यातल्या टोपड्यात ओक्साबोक्शी रडू लागले. लहान मूल रडणारच, असे सगळ्यांना वाटले.

मग ती मृदुलाबाईंच्या कानाशी वाकली. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले. पाठ उंच होती, म्हणून ते गुडघ्यांवर घातले.

"कुर्र," बावीस म्हणाली. "तुझं नाव ठेवलंय आई."

मृदुलाबाईंनी सगळे काटे निजवले, ते भलेमोठे नाक छातीशी धरले आणि सोडले नाही. शंभर होऊन गेले, हजार होऊन गेले. घुगऱ्या गार झाल्या.

कचेरीला रीतसर कळवण्यात आले. पाल्य क्रमांक एक, नाव : बाबा. पाल्य क्रमांक दोन, नाव : आई. कागद नियमात बसत होता. सरडेसाहेबांनी तो पहिल्या फांदीवर घेतला आणि वर चढायला सुरुवात केली.

तात्पर्य : सबुरीचे फळ गोड असते. मात्र ते फळ पपई असेल, तर साहेबांच्या देखत न चावता गिळावे.