एकशिंग्या मेंढा आणि सात गाड्यांचा खर्च

"लिही, सुवर्णा," हौसराव म्हणाले. "शिरूर आणि दौंड मिळून एकच असा मेंदू आहे, ज्याच्यापुढे सरकारी आकडासुद्धा घाबरून खरं बोलतो."

मी लिहिलं. नाही लिहिलं तर ते पुन्हा सांगतात आणि दुसऱ्या खेपेला मेंदू आणखी मोठा होतो.

ही १९९८ सालची गोष्ट. शिरूरच्या एसटी स्टँडमागे आमचं ऑफिस होतं. खासदारांनी एखादी योजना मांडण्याआधी तिला किती खर्च येईल, ते कुठल्याही पक्षाचं न ऐकता काढून द्यायचं, हे आमचं काम. हौसराव तर कुणाचंच ऐकत नसत. पाटीवर 'स्वतंत्र खर्च-तपासणी'च्या खाली त्यांनी स्वखर्चानं 'गुप्तहेर' असंही रंगवून घेतलं होतं.

त्या आठवड्यात खासदारांनी मेंढरांना लस टोचणाऱ्या फिरत्या गाडीचा खर्च मागितला होता. दिल्लीत एकाच गाडीपुरती तरतूद उरली होती. जास्त मागितलं तर प्रस्ताव परत येणार होता. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फॅक्स जायला हवा होता. आणि हौसरावांच्या मोजणीत भांडगाव ते न्हावरे या वाटेवरच्या सात गावांत मेंढरं निघाली चौदा हजार सातशे, म्हणजे गावागणिक एक अशा गाड्या सात. मागच्या वर्षीच्या यादीत मेंढरं होती एकवीसशे.

"बारा हजार सहाशे मेंढरं आली कुठून?" हौसराव म्हणाले. "ही टोळी आहे."

"कशाची?"

"आधी टोळी पकडायची, मग कशाची ते विचारायचं."

धागाही होता. मोजणीच्या सातही फॉर्मवर, दर गावाला एक, त्यांनी तोच शेरा मारला होता, 'मेंढा, एक शिंग मोडलेलं, वृत्ती आक्रमक.' या मेंढ्यानं भांडगावातच त्यांच्या लुनाचा दिवा फोडला होता. तेव्हापासून साहेब बांधावर उभे राहून दुर्बिणीतून मोजत.

"सात गावं, सात मेंढे, प्रत्येकाला एकच शिंग. मग उरलेली सात शिंगं कुठं गेली? बटणं केली असणार."

त्यांनी दुपारी रांजणगावच्या कंपनी बसला हात केला आणि उतरलेल्या एका कामगाराच्या शर्टाची बटणं भिंगातून तपासली. ती प्लास्टिकची निघाली. कामगार हिंदीत बरंच काही बोलला, ते मी नोंदवलं नाही.

मलाही काही सुचत नव्हतं, हे कबूल करते. मी सात गाड्यांच्या डिझेलची बेरीज करत होते.

चार वाजता धुरपदाबाई आल्या. त्यांचे मालक हरिबा मेंढरं राखतात. "लशीची गाडी कवा येणार, ताई? गेल्या साली बत्तीस कोकरं गेली आमची. औंदा न्हाई बघवायचं." मला फार वाईट वाटलं.

हौसरावांनी चौकशी सुरू केली. "बाई, भांडगावात मेंढरं कुणाची?"

"आमच्या मंडळींची. लेंडीखतापायी शेतकऱ्यांनी रानात बसवाया बोलावलं व्हतं."

"आणि केडगावात?"

"आमचीच. दोन राती बसली आन् फुडं गेली."

"पारगावात?"

"आवो साहेब, मेंढरं चालत्यात."

"मग तो एकशिंग्या मेंढा?"

"त्यो आमचा बाळ्या. त्यो बी चालतो." त्यांनी हौसरावांकडे बोट केलं. "आन् तुम्ही सातबी ठिकाणी बांधावर हुबं व्हता. मंग तुम्ही काय सात जण हाय का?"

हौसरावांनी सातही फॉर्म एकावर एक रचले. "मला मेंढरांच्या पायांचा संशय होताच," ते म्हणाले.

मी सहा गाड्या खोडल्या आणि उरलेल्या एकीला कळपामागं फिरायचं डिझेल धरलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना फॅक्स गेला.

पुढच्या हिवाळ्यात गाडी आली, तेव्हा कळप न्हावऱ्यात बसला होता. एकवीसशे मेंढरांना टोचून झालं. त्या साली एकही कोकरू गेलं नाही. हौसराव मोजणीला आले, ते नेहमीप्रमाणं बांधावर दुर्बीण लावून उभे.

धुरपदाबाई एक पांढरं कोकरू घेऊन बांध चढल्या आणि ते हौसरावांच्या हातात दिलं.

"घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "ह्याला एकदाच मोजा."