पांढरीपांडे काकांची शाकाहारी शिकार

अमेरिकेत, टूसॉनला आमच्या मंडळाच्या गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की पोरंटोरं पांढरीपांडे काकांना घेरतात आणि काका मरणाऱ्या सशाचा आवाज काढून दाखवतात. तोंडात लाकडी शिट्टी, डोळे मिटलेले, आणि टाहो असा की पहिल्या वर्षी माझ्या हातातलं मोदकांचं ताट पालथं झालं होतं.

काका मूळचे नागपूरचे. चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले, अंड्याचा केकसुद्धा न खाणारे, आणि दर शनिवारी सकाळी शिकारीला जाणारे. बंदूक त्यांची नाही, शेजारच्या वॉल्टची. जखमी ससा ओरडतोय असं समजून कायोटी, म्हणजे इकडचा कोल्हा, धावत यावा आणि वॉल्टने तो टिपावा, अशी कामाची वाटणी. वॉल्टचे गुडघे आणि नाक दोन्ही कामातून गेलेत, त्यामुळे वारा बघून जागा निवडणंही काकांकडेच.

वॉल्टने जाहीर करून ठेवलंय, की एक शेवटचा कायोटी मारायचा आणि मग घर विकून ओहायोला मुलाकडे राहायला जायचं. याला तीन हिवाळे झाले. कायोटी काही येत नाही. बाकी वाट्टेल ते येतं. एकदा हॅवलिना नावाची केसाळ रानडुकरं आली, एकामागून एक आठ. एकदा बॅजर नावाचा बुटका, फताडा प्राणी आला. "आमच्या मोठ्या मामासारखा आला बाप्पा! कोनाकडे पाहनं नाही, बोलनं नाही, सरळ पंगतीकडे!" असं काकांनी मला फोनवर सांगितलं. मी भीतभीत चावतो का विचारलं, तर म्हणाले, "पाहून तं घे आधी! चावन्याचं मंग पाहू."

हे वाक्य काका कशालाही लावतात. नवीन डॉक्टर, नवीन जावई, निवडणूक, मी केलेली पुरणपोळी. शेवटी एका शनिवारी मीही पाहून घ्यायला गेले.

माझा स्वभाव असा, की आदल्या दिवशी तीन तास व्हिडिओ बघून मी जवळजवळ तज्ज्ञ झाले होते. वारा नेहमी आपल्या तोंडावर हवा, नाहीतर कायोटीला माणसाचा वास लागतो, एवढं मला पाठ होतं. आम्ही एका कोरड्या घळीच्या तोंडाशी, निवडुंगांच्या आडोशाला बसलो. काकांनी खिशातल्या पुडीतून चिमूटभर तांदळाची पिठी हवेत सोडली, ती कुठे जाते ते अगदी शास्त्रशुद्ध निरखलं आणि बरोबर चुकीच्या जागी बसले. वारा आमच्या पाठीवरून थेट घळीत शिरत होता. वर त्यांनी डबा उघडला. हिंगाची सणसणीत फोडणी दिलेला वांगीभात. दगडावर चित्राहुती घालून ते शांतपणे जेवले आणि मग शिट्टी वाजवायला लागले.

थोड्या वेळाने खालच्या झुडपांतून उभ्या शेपट्या दिसल्या. मुंगसासारखं अंग, लांबलचक नाक. कोआटी! सहा जणी तरी होत्या, मागे पिल्लं. शिट्टीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हुंगत हुंगत पहिली सरळ दगडापाशी आली, चित्राहुतीची शितं खाऊन तिने वॉल्टचा बूट हुंगला. वॉल्टने बंदूक बाजूला ठेवली आणि आवाज न करता पोट हलवत हसायला लागला. मी पिल्लं मोजत होते. काका मात्र कोआटींकडे बघत नव्हते, हसणाऱ्या वॉल्टकडे बघत होते.

तेवढ्यात लांब कड्यावर खरोखरचा कायोटी आला. त्याने नाक वर केलं, आमच्या दिशेचा वास घेतला आणि वळून निघून गेला. वॉल्टला तो दिसलाच नाही. काकांना दिसला, आणि त्यांनी हळूच सुस्कारा सोडला.

वॉल्ट गाडीकडे गेल्यावर मी विचारलं, "काका, वारा उलटा होता ना?"

काका डब्याचं झाकण लावत राहिले.

"तुले कळलं तं," ते म्हणाले. "तुझी काकू गेली तवा पंधरा दिवस घरी लोक येत होते. सोळाव्या दिवशी हा एकटा आला. अंगनात खुर्ची टाकून संध्याकाळवरी बसला. बोलला काहीच नाही. मंग रोजच यायले लागला. आता त्याले कायोटी भेटला का तो चालला ओहायोले. मंग मी कोनासोबत बसू, पोरी?"

मी त्यांच्या हातातला डबा घेतला.

परतताना गाडी वॉल्ट चालवत होता. त्याने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "तू तर सगळे व्हिडिओ बघून आली होतीस ना? आपलं काय चुकतंय? वारा तर उलटा नव्हता?"

पुढच्या सीटवर काकांची मान ताठ झाली.

"छे!" मी म्हणाले. "वारा अगदी बरोबर होता."